सह्यशिखरांवरील नेचे : एक उपेक्षित वनसंपदा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित आशय)



खंबाटकी घाटाच्या उत्तर पायथ्याशी वसलेला खंडाळा तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. ज्वारी-बाजरीची शिवारे, उघडे माळ, कुसळी गवताच्या टेकड्या आणि नीरेकाठची बागायत हे त्याचे परिचित रूप. अशा तालुक्यातील सभेपुढे धुक्यात न्हालेल्या अरण्याचा आणि त्यात वाढणाऱ्या नाजूक नेच्यांचा विषय मांडावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटेल. परंतु खंडाळ्यापासून सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर नैऋत्येला महाबळेश्वरचे पठार उभे आहे. तेथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खंडाळ्याच्या वाट्याला त्याचा सुमारे दहावा हिस्सा येतो. एकाच जिल्ह्यात इतके टोकाचे अंतर क्वचितच पाहावयास मिळते.

तरीही ही दोन टोके पाण्याने जोडलेली आहेत. क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा जोर खोऱ्यातून उतरते, बलकवडीच्या धरणात अडते आणि धोम-बलकवडी प्रकल्पाच्या कालव्याने, खंबाटकीच्या डोंगरातील बोगद्यातून, खंडाळा आणि फलटणच्या शिवारांपर्यंत येते. ज्या पाण्यावर या भागातील उभी पिके जगतात, त्यातील काही थेंब एके काळी महाबळेश्वरच्या रानातील एखाद्या नेच्याच्या पानावरून ओघळलेले असतात. म्हणून शिखरावरील त्या रानाचे काय होते, हा प्रश्न खंडाळ्यालाही परका नाही.

नेचा म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला फर्न म्हणतात, त्याला मराठीत नेचा हा शब्द रूढ आहे. कुंडीतील शोभेचे झाड एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. वास्तविक नेचे हा वनस्पतिसृष्टीतील अतिप्राचीन वर्ग आहे. पृथ्वीवर पहिले फूल उमलण्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधी नेच्यांची व त्यांच्या सग्यासोयऱ्यांची अरण्ये पसरली होती. आज नेचे आणि त्यांच्याशी जवळीक असलेल्या वनस्पती मिळून जगात सुमारे बारा हजार जाती गणल्या जातात. भारतात त्यांपैकी हजारांहून अधिक जाती आहेत. मुंबई इलाख्यातील नेच्यांचा पद्धतशीर परिचय करून देणारा ब्लॅटर आणि डिआल्मेडा यांचा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून सह्याद्रीतील नेच्यांचा अभ्यास अखंड चालू आहे.

यांतील काही नेचे कोरड्या भागातही तग धरतात. जुन्या तटांच्या आणि विहिरींच्या दगडी सांध्यांतून उगवणारी, पंख्यासारख्या चिमुकल्या पानांची मयूरशिखा हा नेचाच होय. उन्हाळ्यात ती आक्रसून वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. पाणथळ बांधावरचा काळ्या देठाचा हंसराज, झाडांच्या खोडांवर व खडकांवर वाढणारे बाशिंग, पानाची खालची बाजू पांढऱ्या भुकटीने माखलेली असल्यामुळे हातावर दाबताच रुपेरी ठसा उमटवणारा चांदीचा नेचा, हीही याच परिवारातील मंडळी. नेच्याचे कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि हळूहळू उलगडत जाते. ही खूण लक्षात ठेवली तर विद्यार्थ्यांना बहुतेक नेचे सहज ओळखता येतील.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेषा दिसतात. त्यांत धुळीसारखे सूक्ष्म कण असतात. घाटापलीकडे वाई येथे ज्याचे संपादन झाले त्या मराठी विश्वकोशाने या कणाला ‘बीजुक’ असा नेमका शब्द योजला आहे. हे बीजुक वाऱ्याने दूरवर जातात. मात्र बीजुकातून थेट नेचा उगवत नाही. त्यातून प्रथम नखाएवढी किंवा त्याहूनही लहान, पातळ, हिरवी, बहुधा हृदयाच्या आकाराची चकती तयार होते. तिला ‘पूर्वकायक’ म्हणतात. तिच्यावर पुंपेशी व स्त्रीपेशी तयार होतात. पुंपेशीला स्त्रीपेशीपर्यंत पोहत जावे लागते. पाण्याचा पातळसा पापुद्रा असेल तरच हे मीलन घडते आणि त्यातून नवा नेचा जन्म घेतो. दोन पिढ्यांच्या या आळीपाळीचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर याने १८५१ साली केला. तोपर्यंत बी नसलेली ही वनस्पती वाढते कशी, हे युरोपातील विद्वानांनाही कोडेच होते.

या जीवनक्रमातच नेच्याचे बळ आणि त्याचे दौर्बल्य दोन्ही सामावले आहे. बीजुक समुद्र ओलांडू शकतो. परंतु तो जेथे पडेल तेथे काही आठवडे अखंड ओल मिळाली नाही, तर ती नाजूक चकती उन्हाच्या एका दिवसात करपून जाते. म्हणून धुके हा बहुतेक नेच्यांचा खरा आधार आहे.

मेघवनाचे स्वरूप

उष्ण कटिबंधातील ज्या उंच डोंगरांवर ढग वर्षाचा बराच काळ जमिनीला टेकून वावरतात, तेथील अरण्यांना मेघवने म्हणता येईल. मध्य अमेरिका, आफ्रिकेतील पर्वत, आग्नेय आशिया आणि काही सागरी बेटे येथे ती आढळतात. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. शास्त्रीय वर्गीकरणात तेथील रानाला उपोष्ण पर्वतीय वन असे नाव असले, तरी पावसाळ्यातील चार महिने त्याची प्रकृती मेघवनासारखीच असते. अंजन, जांभूळ आणि पिसा हे येथील प्रमुख वृक्ष. वारा आणि उथळ माती यांमुळे ते फार उंच वाढत नाहीत. त्यांच्या वाकड्यातिकड्या फांद्यांवर शेवाळाची गादी असते आणि त्या गादीत नेचे व आमरी मुळे रोवतात.

असे रान पावसाखेरीजही पाणी मिळवते. धुके वाऱ्याबरोबर झाडीतून जाते, पानांवर, शेवाळावर आणि नेच्यांच्या चिरलेल्या पानांवर त्याचे थेंब साठतात आणि टपटपत जमिनीत मुरतात. खाली जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो आणि जेथे जांभ्याचा थर संपून खालचा काळा पाषाण लागतो, तेथे झऱ्याच्या रूपाने सोडून देतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम याच डोंगरावर मानला जातो, त्यामागे ही भूरचना आहे. रान तुटले की पाऊस पडतो तेवढाच पडतो, परंतु तो मुरत नाही. तो एका दमात वाहून जातो आणि उन्हाळ्यात झरे आटतात.

प्रत्येक नेचा दुर्मीळ असतो असेही नाही, हे येथे सांगितले पाहिजे. महाबळेश्वरच्या उघड्या उतारांवर कमरेएवढ्या उंचीचा एक दणकट नेचा मोठ्या प्रमाणावर दिसतो. ब्रॅकन या नावाने तो जगभर ओळखला जातो. जळालेल्या किंवा तोडलेल्या जागेवर तो झपाट्याने पसरतो आणि गुरांच्या पोटात गेल्यास त्यांना अपाय करतो. त्याची दाटी म्हणजे रान मोडल्याची खूण होय. याउलट घनदाट सावलीत, ओढ्याच्या कपारीत राहणारे नेचे रानाबरोबरच नाहीसे होतात. सह्याद्रीच्या अधिक पावसाच्या, दमट दऱ्यांत माणसाहून उंच वाढणारा वृक्षनेचा आढळतो. त्याच्या कुळातील नेच्यांचे रेशेदार खोड आमरी वाढवण्यासाठी उपयोगी पडते, म्हणून ते जगभर तोडले गेले. आज वृक्षनेच्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सरकारी कराराने निर्बंध आहेत.

पाचगणीच्या डबक्यातील प्राचीन वंश

सातारा जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र याहूनही साधी दिसणारी आहे. महाबळेश्वरच्या पूर्वेस सुमारे १,३०० मीटर उंचीवर पाचगणी आहे. तेथील जांभ्याचे सपाट पठार टेबललँड या नावाने पर्यटकांना परिचित आहे. पावसाळ्यात त्यावर धुके उतरते आणि खडकातील खळग्यांत वीतभर पाणी साचते. त्या पाण्यात गवताच्या किंवा कांद्याच्या पातीसारखे हिरवे झुबके दिसतात. पाहणारा त्यांना गवत समजून पुढे जातो. परंतु ते गवत नव्हे. ती आयसोइटीस या नावाची, नेच्यांच्या नात्यातील वनस्पती आहे. काटेकोर बोलायचे तर ती नेच्यांची चुलतभावंडे म्हणता येतील अशा, त्यांच्याहून वेगळ्या शाखेतील आहे.

या शाखेचा इतिहास थक्क करणारा आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर ज्या दलदलीच्या अरण्यांपासून पुढे दगडी कोळसा बनला, त्यांतील प्रचंड वृक्ष आयसोइटीसच्या नात्यातले होते. ते वृक्ष नामशेष झाले. त्यांच्या वंशाची खूण आज वीतभर उंचीच्या या पाणवनस्पतीत उरली आहे. जगात तिच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांतील काही केवळ पश्चिम घाटात आढळतात. पुढे पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी १९३८ साली यांतील एका जातीचे वर्णन केले आणि तिला सह्याद्रीचे नाव दिले. त्यानंतर १९४५ साली शेंडे यांनी पाचगणी येथील वनस्पतीवरून दीक्षिती ही जात वर्णिली. पुढे १९९३ साली श्रीवास्तव, पंत आणि शुक्ला या संशोधकांनी आणखी एका जातीला पाचगणीचेच नाव दिले. जगाच्या वनस्पतिकोशात पाचगणी हे नाव अशा रीतीने एका डबक्यातील पातीमुळे कायमचे नोंदले गेले आहे.

या वनस्पतीचे जीवन पावसाच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. जून-जुलैमध्ये खळगे भरले की मातीतील लहानशा गड्ड्यातून पाती फुटतात. पातीच्या फुगीर बुडाशी बीजुकांच्या पिशव्या असतात. काही पिशव्यांत डोळ्यांना दिसतील असे पांढरट टपोरे बीजुक, तर काहींत पिठासारखे बारीक बीजुक असतात. पाऊस ओसरला, पाणी आटले की पाती कुजतात आणि बीजुक चिखलात मिसळतात. पुढील आठ महिने पठार तापते, भेगाळते. गड्डा आणि बीजुक तेवढ्या काळ दोन-चार बोटे जाडीच्या मातीत निजून राहतात. पाण्यात वाढणाऱ्या आयसोइटीसच्या काही जाती रात्रीच्या वेळी कर्बवायू साठवून ठेवतात आणि दिवसा सूर्यप्रकाशात वापरतात, असे अमेरिकेत १९८१ साली दिसून आले. वाळवंटातील निवडुंगाची ही युक्ती पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीने योजावी, हे निसर्गाचे एक नवलच होय.

संकट कोठून येते?

अशा वनस्पतीला कुऱ्हाडीची भीती नाही. तिला भीती पावलांची आणि चाकांची आहे. दोन-चार बोटांच्या मातीवरून मोटारीचे चाक एकदा फिरले तरी गड्डे चिरडतात आणि खळग्याचा काठ फुटून पाणी वाहून जाते. शेकडो माणसे व जनावरे एकाच वाटेने चालली की माती घट्ट होते, पुढे धूप होऊन नुसता खडक उरतो. ही वनस्पती स्वच्छ, निकस पाण्यात वाढणारी आहे. खळग्यात लीद, उष्टे अन्न किंवा साबणाचे पाणी मिसळले की पाणी पुष्ट होते, शेवाळ माजते, जोमदार गवते आत शिरतात आणि या पातीला जागा उरत नाही. पठारांवरील बांधकाम, जांभ्याचे उत्खनन, रस्ते आणि उन्हाळ्यात लावले जाणारे वणवे हे याच मालिकेतील आघात आहेत. उघड्या कातळाला सरकारी कागदांत पडीक जमीन म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या एका शब्दाने पठारांचे मोठे नुकसान केले आहे, कारण पडीक म्हटले की तेथे काहीही करावयास मोकळीक आहे असे वाटते.

शासनाने काही पावले उचलली आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. साताऱ्याजवळील कास पठाराचा समावेश २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत झाला आणि फुलांच्या हंगामात तेथे येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. परंतु रंगीत फुलांसाठी जेवढी जागरूकता दिसते, तेवढी डबक्यातील हिरव्या पातीच्या वाट्याला येत नाही.

एक संकट असेही आहे की ते कोणा एका गावाने निर्माण केलेले नाही. कोस्टा रिकातील माँतेव्हेर्दे येथील मेघवनात कोरड्या ऋतूतील धुक्याचे दिवस कमी होत असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले गेले. हवा तापली की ढग अधिक उंचीवर तयार होतात. सपाटीवरची वनस्पती कालांतराने वरच्या उतारावर सरकू शकते. शिखरावरच राहणाऱ्या वनस्पतीला त्याहून वर जावयास जागाच नसते.

दूरच्या बेटाचा धडा

अटलांटिक महासागरात ॲसेन्शन नावाचे एकाकी ज्वालामुखी बेट आहे. त्याच्या ढगांनी वेढलेल्या डोंगरावर अजमोदेच्या पानांसारखा दिसणारा एक इवलासा नेचा होता. जगात तो अन्यत्र कोठेही नव्हता. बाहेरून आणलेल्या झाडांनी व गवतांनी त्याची जागा घेतली. १९५८ नंतर तो कोणाला दिसला नाही आणि २००३ साली तो नामशेष म्हणून जाहीर झाला. परंतु २००९ साली दोन वनस्पतितज्ज्ञांना डोंगराच्या कड्यावर त्याची चार रोपे सापडली. तेथे पाण्याची वानवा असल्याने ती रोपे जगवण्यासाठी दोराच्या आधाराने कडा उतरून त्यांना पाणी घालावे लागले. त्यांचे बीजुक निर्जंतुक डबीत घालून लंडनजवळील क्यू उद्यानात पाठवण्यात आले आणि प्रयोगशाळेत त्यांपासून नवी रोपे वाढली.

ही हकीकत दिलासा देणारी असली, तरी तिच्यातून घ्यावयाचा बोध सावधपणाचा आहे. एका नेच्याचा वंश चार रोपांवर येऊन ठेपला होता. कोणी शोधत राहिले म्हणूनच तो वाचला. पाचगणीच्या खळग्यांवर अशी वेळ येण्याआधीच त्यांची काळजी घेणे अधिक सोपे, अधिक स्वस्त आणि अधिक शहाणपणाचे आहे.

समाजाचे कर्तव्य

या सभागृहात बसलेल्या श्रोत्यांना वनस्पती सजीव आहे, हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वनस्पतिकायातील सूक्ष्म जीवांचा विचार जैन परंपरेने फार पूर्वीपासून केला आहे. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, पावलाखाली त्यांची हिंसा होऊ नये, म्हणून साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवून एका स्थानी राहतात. पठारावरील आयसोइटीस वाढते, बीजुक धरते, तेही नेमके याच चार महिन्यांत. आणि नेमक्या याच महिन्यांत वर्षासहलीच्या निमित्ताने पठारांवर गर्दी लोटते. ज्या संयमाचा आदर हा समाज पिढ्यान् पिढ्या करीत आला, त्याचा थोडा अंश सहलीला निघालेल्या कुटुंबाने पाळला तरी पुष्कळ साधेल.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पठारावर वाहन नेऊ नये. मळलेल्या पायवाटेनेच चालावे, साचलेल्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये आणि उरलेले अन्न तेथे टाकू नये. रानातून उपटून रस्त्याकडेला विकावयास ठेवलेले नेचे विकत घेऊ नयेत. मंगलकार्याच्या सजावटीसाठी नेच्याची पाने हवीच असतील, तर ती रोपवाटिकेत वाढवलेली आहेत याची खात्री करून घ्यावी. शाळांच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांनी मयूरशिखेपासून आरंभ करून विद्यार्थ्यांना तालुक्यातीलच नेच्यांची ओळख करून द्यावी. जो विद्यार्थी विहिरीच्या दगडातील मयूरशिखा ओळखू लागेल, तो पाचगणीच्या खळग्यातील पातीला गवत समजून तुडवणार नाही.

संस्थेची पन्नास वर्षे हा मनुष्याच्या हिशेबात दीर्घ काळ आहे. ज्यांनी ही वास्तू उभी केली, त्यांनी पुढच्या पिढीसाठी ती सांभाळून ठेवली, म्हणून हा सुवर्णमहोत्सव साजरा होत आहे. तीस कोटी वर्षांचा वारसा असलेली एक वनस्पती याच जिल्ह्यातील एका पठारावर, वीतभर पाण्यात, दरवर्षी नव्याने उगवते आहे. तिच्यासाठी नवे काही बांधावयाचे नाही. ज्या खळग्यात पाणी साचते तो खळगा तसाच राहू द्यावा, एवढेच मागणे आहे. तो राहिला तर त्याखालचे झरे राहतील आणि कृष्णेचे पाणी बोगद्यातून खंडाळ्याच्या शिवारात येत राहील.